निर्मलवाले

आदिलाबादच्या लॉरी असोसिएशनच्या खोलीत भिंतीला एक लांब फळी होती. तिच्यावर ओळीनं खिळे आणि खिळ्यांवर पत्र्याच्या पाट्या, प्रत्येक पाटीवर एका लॉरीचा नंबर. रिकामी गाडी घेऊन आलात की आपली पाटी शेवटच्या खिळ्याला अडकवायची. पहिल्याला जिनिंगमधून कापसाच्या गाठींचं भाडं मिळालं की बाकीच्यांनी आपापली पाटी एक खिळा पुढं घ्यायची. दुसऱ्याच्या पाटीला हात लावायचा नाही. फक्त कुणी आजारी असला किंवा कुणाच्या घरी मयत झाली, तर शेजारच्या पाटीवाल्यानं त्याची पाटी सांभाळायची. हे कुठं लिहिलेलं नव्हतं, आणि मोडलेलं मी कधी पाहिलं नाही.

माझ्या शेजारची पाटी बहुतेक वेळा भैंशाच्या एका माणसाची असायची, कारण आम्ही जोडीनं जायचो आणि जोडीनंच परतायचो. माझ्यासारखी त्याची एकच लॉरी, तोच मालक, तोच ड्रायव्हर. भैंशाच्या फळीवर नव्या गाडीला पाळीचा नंबर देत नव्हते, म्हणून तो आमच्याकडे आला आणि इथलाच होऊन गेला. माझी बायको यवतमाळच्या दवाखान्यात होती तेव्हा असोसिएशनचा मुनशी माझी पाटी मागं टाकायला निघाला, तर हा फळीसमोर जाऊन उभा राहिला. मी परतलो तर पाटी पहिल्या खिळ्यावर होती.

पुढं निर्मलच्या एका बड्या मालकाच्या लॉऱ्या आमच्या फळीवर येऊ लागल्या. ऐन हंगामात पाळीसाठी चार-चार दिवस बसून राहायची वेळ आली. माझं तोंड तसंही आवरत नाही. त्यातच सरकारनं आदिलाबाद जिल्ह्याचे चार तुकडे केले आणि मला जोर चढला. निर्मलवाल्यांना आता त्यांचा जिल्हा मिळाला, त्यांनी तिकडं जावं, असं मी महिनाभर चहाच्या टपरीवर ओरडत होतो.

शेवटी मीटिंग बोलावली. आपल्या जिल्ह्यातल्या मालकालाच इथं नंबर द्यायचा, असा ठराव अध्यक्षानं आधी तेलुगूत, मग हिंदीत वाचला. सगळ्यात आधी हात माझा वर गेला.

मुनशी यादी घेऊन पाट्या काढू लागला. बड्या मालकाच्या पाट्या पोत्यात पडत होत्या. तो स्वतः आलाच नव्हता. त्याला दुसरीकडं कुठंतरी भाडं मिळालं होतं म्हणे. मग मुनशीनं माझ्या शेजारच्या पाटीचा नंबर वाचला. मी उठून म्हणालो, हे चुकलं, हा भैंशाचा आहे. मुनशीनं मान वर न करता सांगितलं की भैंसा आता निर्मल जिल्ह्यात आहे.

मला ते माहीत होतं. पेपरात वाचलं होतं, त्यावर गप्पाही मारल्या होत्या. पण माझ्या लेखी निर्मलवाले म्हणजे तेलुगू बोलणारे, दहा-दहा लॉऱ्यांचे मालक. आणि भैंसा म्हणजे आपला बाजार, आपली बोली, बायकोच्या माहेरच्या वाटेवरचं गाव. दोन्ही गोष्टी एकाच डोक्यात होत्या आणि एकमेकींना भेटल्या नव्हत्या. माझी अक्कल शेण खायला गेली होती, दुसरं काय म्हणू? मी पुन्हा मत घ्या म्हणालो. अध्यक्ष म्हणाला, ठराव झाला.

भैंशाच्या माणसानं मुनशीला हात लावू दिला नाही. पाटी स्वतः काढली आणि तो बाहेर पडला. आता ही लॉरी कुठल्या फळीवर लावणार होता तो? भैंशाला तर त्याला कधीच घेतलं नव्हतं. मी मागोमाग धावलो.

"भाऊ, म्या तुमच्यासाठी हात वर नोता केला," मी म्हणालो.

तो चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं.

"मंग कोनासाठी केला?" त्यानं विचारलं.

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. त्याच्या बाजूला निर्मलचा एक म्हातारा ड्रायव्हर आपली पाटी हातात धरून उभा होता. त्याचीही एकच लॉरी. त्याला मराठी समजत होती, आणि तोही माझ्याकडंच बघत होता.