सुखडीतला ‘ख’

ललिताबेन चोर नव्हत्या.

आज सकाळी त्या गेल्या, म्हणून हे लिहितेय. जिवंत होत्या तेव्हाच लिहायला हवं होतं. तेव्हा माझी हिंमत झाली नाही.

सकाळपासून आमच्या कॉलनीतल्या बायकांच्या ग्रुपवर त्यांचा हार घातलेला फोटो फिरतोय. खाली जोडलेले हात, पणत्या, गुलाबाचे स्टिकर.
“आमची अन्नपूर्णा हरपली.”

अन्नपूर्णा?

बायांनो, थोडी तरी लाज बाळगा. चार वर्षांपूर्वी याच अन्नपूर्णेच्या डब्यातली एक वडीसुद्धा तुम्ही तोंडात घातली नव्हती.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते.

ललिताबेन शहाद्याला आमच्या समोरच्या घरात राहायच्या. माहेर ब्राह्मणपुरीचं, गुजर घरातल्या. जवळच्या एका गावात अंगणवाडी सेविका होत्या. दिवसभर तिथल्या तीस पोरांचं करून यायच्या, तरी संध्याकाळी माझी लेक त्यांच्या ओट्यावर पाटी घेऊन बसायची आणि त्या तिला हाकलायच्या नाहीत.

तर आमची तोरणमाळची पिकनिक ठरली. दोन क्रूझर गाड्या, अठरा बायका. काय आणायचं याचे नियम अ‍ॅडमिन वहिनींनी टाकले. हाताने खाता यावं. सांडू नये. संध्याकाळपर्यंत खराब होऊ नये. चमचे-वाट्यांचा पसारा नको.

यादी करायचं काम माझ्याकडे आलं. माझं टायपिंग फास्ट आहे ना.

मेथीचे ढेबरे. मुरमुऱ्यांचा भत्ता. तळलेल्या बट्ट्या. ढोकळा. केळ्याचे वेफर्स.

ललिताबेनचा फोन आला. “मी सुखडी लई येसू. टिकस बी आनि लेकरेसले बी आवडस.”

मी टाइप केलं : ललिताबेन – सुकडी.

एका अक्षराची चूक. कुणाला वाटेल, त्यात काय एवढं?

सुखडी म्हणजे तुपात खरपूस भाजलेली कणीक, गूळ, थोडी सुंठ. गरम असतानाच ताटात थापायची, वड्या पाडायच्या. गुजरांच्या घरी पाहुणा आला की हमखास होते. आठ दिवस टिकते.

आणि सुकडी म्हणजे आमच्याकडे अंगणवाडीत पोरांना पोषणासाठी मिळायचा तो पिवळा भुगा. आता सरकारी पाकिटं येतात, तरी लोक त्याला सुकडीच म्हणतात.

यादीत सुकडी, आणि आणणारी अंगणवाडीवाली. झालं!

तोरणमाळला तलावाजवळ सतरंजी टाकली. घाटात एकीचं वरण सीटवर सांडलं होतं. नियमात वरण बसत नव्हतंच, पण तिला कुणी एक शब्द बोललं नाही. अ‍ॅडमिन वहिनींचा ढोकळा उन्हाने आंबला होता, तोही सगळ्यांनी “मस्त, मस्त” करत खाल्ला.

मग ललिताबेननी स्टीलचा डबा उघडला. तुपाचा वास सुटला.

अ‍ॅडमिन वहिनी हसत म्हणाल्या, “हाई अंगणवाडीनी सुकडी शे ना? लेकरेसना तोंडनी लई उनी का तू?”

म्हणजे पोरांच्या तोंडची काढून आणलीस का! सगळ्या हसल्या. आधी गंमत म्हणून. मग कुणी तरी म्हणालं, “नको बाई, पाप लागायचं,” आणि तिथून ती गंमत राहिली नाही.

ललिताबेनना आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा कानापर्यंत लाल झाल्या.
“मन्हा घरनं तूप शे वं माय. सकायले पाच वाजे उठीसन करेल शे.”

कुणी हात पुढे केला नाही.

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “तू तर खाधेल शे ना मन्हा हातनी? तू सांग ना यास्ले.”

मी खाल्ली होती. दर दिवाळीला खाल्ली होती. माझ्या बाळंतपणात त्यांनी डबा भरून आणून दिली होती. आणि यादीत चूक माझी होती, हे मला त्याच क्षणी कळलं होतं.

दोन शब्द बोलायचे होते.
मी तलावाकडे पाहत ढेबरा खात राहिले. सगळ्या जणींसमोर माझं हसं होईल, एवढीच भीती होती मला.

त्यांनी झाकण लावलं. परत येताना तो भरलेला डबा मांडीवर धरून बसल्या होत्या. घाटात एवढी वळणं, पण डब्यावरचा हात काढला नाही.

गोष्ट तिथे संपली असती तर मी आज एवढी तडकले नसते. आपल्यातल्याच कुणीतरी वर कळवलं. चौकशीला अंगणवाडीच्या सुपरवायझर मॅडम आल्या. ज्या पोरांचं ललिताबेन सगळं करायच्या, त्यांच्याच देखत त्यांचं कपाट उघडून पाकिटं मोजली.
सगळी जागेवर होती.

त्या बातमीसाठी मात्र ग्रुपवर एक अंगठासुद्धा आला नाही.

त्यानंतर ललिताबेन कुठल्याच पिकनिकला आल्या नाहीत. हळदीकुंकवालाही नाही. माझ्याशी बोलायच्या, पण ओट्यावरूनच. माझ्या लेकीला शिकवणं मात्र थांबवलं नाही.

आज दुपारी मी त्यांना शेवटचा नमस्कार करून घरी आले आणि मोबाईल पाहिला. गुलाबांच्या खालीच अ‍ॅडमिन वहिनींचा मेसेज. रविवारची पिकनिक दुःखद घटनेमुळे पुढच्या रविवारी. “सोपे, नेता येतील असे पदार्थ सुचवा.”

सुचवते.

माझ्या नावापुढे सुखडी लिहा. डबा मीच उघडणार आहे, आणि खायच्या आधी हे सगळं तुम्हाला तोंडावर ऐकवणार आहे. ज्यांना पाप लागायचं असेल त्यांनी खाऊ नये. मला ग्रुपमधून काढायचं असेल तर आत्ताच काढा.

आणि यादी करणारीने नीट लिहावं. ‘क’ नाही, ‘ख’.
खडूचा ख.
माझ्या लेकीला तो ललिताबेननीच गिरवायला शिकवला. मलाच तेवढा लिहिता आला नाही.

ललिताबेन, मला माहीत होतं. मी बोलले नाही.
जमलं तर माफ करा. नाही केलंत तरी तुमचंच बरोबर आहे.