खालून आलेलं पाणी

आमच्या बिलिक घराण्यात नजर जन्मतःच येते. जुन्या देशातल्या डोंगरातलं रक्त आहे. त्यातही धाकटा ओनुफ्री असा, की दोर न सोडता विहिरीची खोली सांगायचा आणि वितीचाही फरक पडायचा नाही. जानेवारीत जॉर्डनच्या, म्हणजे नदीच्या पाण्याला आशीर्वाद देण्याच्या सणाला नदीवरचा बर्फ करवतीने कापून पुरुषभर उंच क्रूस उभा करायचा, बिटाच्या रसाने तो लाल करायचा, हा मान गावाने दुसऱ्या कुणाला दिलाच नाही. मॅनिटोबाच्या त्या माळावर टेकडी म्हणून दाखवायला वारूळसुद्धा नाही, तिथे ही नजर वायाच जायची म्हणा. मग ती नजर माणसं मोजत बसायची. कोण किती वेळ बोललं, कोण बोलताना कुठे बघत होतं, सगळं ओनुफ्रीच्या डोक्यात लिहिलेलं.

त्याच्या शेताच्या कडेने वाळुंज नदी जायची. नदी कसली, गवतात टाकलेलं दावं. इकडे वळ, तिकडे वळ, असं करत दहा मैलांवर पश्चिमेला लाल नदीला मिळायची, आणि लाल नदी तिथून उत्तरेला. त्या वर्षी एप्रिलात वाळुंजेचा बर्फ फुटून वाहून गेला. ओनुफ्रीने काठावर खुणांच्या काठ्या रोवल्या होत्या. दोन दिवस पाणी उतरत गेलं. तिसऱ्या सकाळी बघतो तर कालची खूण बुडालेली. त्याने एक ढलपी पाण्यात टाकली. ती पश्चिमेला जायची सोडून घराच्या दिशेने वर चालू लागली.

तो घरात आला. बायको पारास्का चुलीशी होती.

"पाणी खालून वर येतंय," तो म्हणाला.

"कपाळ दाखवा बघू. ताप आहे का?"

"चेष्टा नको. पाणी वरून खाली जातं, हे वासरालाही कळतं. खालून आलं म्हणजे कुणीतरी अडवलंय."

"कुणी?"

"आपल्या खाली कोण राहतं?"

खाली अब्राम डिक राहायचा. मेनोनाइट पंथाचा माणूस. त्यांचे आजे-पणजे समुद्राला बांध घालत आलेले, म्हणजे हात बसलेलाच. आता ओनुफ्रीला एकेक आठवायला लागलं. ऑक्टोबरात डिकने गाडीभर फळ्या आणल्या होत्या. घर बांधलं नाही, कुंपण घातलं नाही, मग फळ्या गेल्या कुठे? त्याच महिन्यात तो ओनुफ्रीच्या अंगणात येऊन म्हणाला होता, "तुझं कोठार फार खाली आहे, बिलिक." कोठाराला नाव ठेवतो म्हणजे जमिनीवर डोळा. ओनुफ्रीने तोंडावर सांगितलं होतं, जमीन विकायची नाही. आणि परवा गिरणीत डिकने टोपी आधी काढली. "ज्याच्या पोटात पाप, तोच टोपी आधी काढतो," ओनुफ्री म्हणाला.

"आणि तुम्ही काढलीच नाही, त्याचं काय?" पारास्का म्हणाली. "ते राहू द्या. कोठारातलं बियाणं वर काढा."

"आधी चोर धरतो."

त्या गव्हावर पुढचं वर्ष टांगलेलं होतं. तो भिजला तर पेरायला काही नाही, आणि पेरलं नाही तर खायला काही नाही. हे त्यालाही कळत होतं. तरी दोन दिवस तो लव्हाळ्यात पालथा पडून डिकच्या धुराड्यावर नजर ठेवून होता. धूर कमी निघाला तर वाटायचं, घरात नाही, बांधावर गेलाय. जास्त निघाला तर वाटायचं, मजूर जेवायला घातलेत. इकडे पाणी कोठाराच्या उंबऱ्याला लागलं.

मग त्याने होडीत कुऱ्हाड टाकली आणि बांध फोडायला निघाला. एरवी ओघाबरोबर खाली जायचं म्हणजे वल्हं नुसतं धरून बसायचं. त्या दिवशी हाताला फोड आले. चार हात पुढे जावं, तर नदी दोन हात मागे ढकलायची.

डिकच्या वळणावर नदीच उरली नव्हती. नुसतं तळं, आणि त्यातून कुंपणाच्या खुंटांची टोकं वर आलेली. डिक गोठ्याच्या दारात मांडीभर पाण्यात उभा होता. एकटाच.

"बांध कुठे आहे?" ओनुफ्रीने विचारलं.

डिकने आधी कुऱ्हाड पाहिली. "कुठला बांध?"

"पाणी अडवलंस तो."

"तिकडे आहे," डिकने उत्तरेला हात केला. "लाल नदीचा बर्फ. इथला वितळला, उत्तरेकडचा अजून घट्ट आहे. पुढे वाट नाही, म्हणून ती फुगून आपल्या नदीत उलटी शिरते. जमीन ही अशी ताटासारखी, तिला कोण अडवणार? माझ्या बापाने दोनदा पाहिलंय. जा, फोड कुऱ्हाडीने."

"मला का नाही सांगितलंस?"

"ऑक्टोबरात सांगायलाच आलो होतो. तू म्हणालास, जमीन विकायची नाही."

डोंगरात जन्मलेल्या माणसाला पाणी मागे फिरतं हे कोण शिकवणार? ओनुफ्रीने गोठ्यात डोकावलं. आत आढ्याखाली नव्या फळ्यांचा माळा घातलेला, त्यावर डिकची बियाण्याची पोती.

"अर्धा माळा रिकामा आहे," डिक म्हणाला. "तुझी पोती आण."

"रिकामा का ठेवलास?"

"पीक कमी आलं म्हणून. अजून काही विचारायचंय? विचार, पाणी थांबेल तोवर."

ओनुफ्री परतला तेव्हा खालच्या थरातली पोती फुगली होती. ती गेलीच. वरच्या पोत्यांना तो एकेक करून स्वतःची गाठ मारू लागला, कुणी उघडलं तर कळावं म्हणून.

"गाठी मारता तेवढ्यात दोन पोती होडीत गेली असती," पारास्का म्हणाली आणि तिसरं तिनेच उचललं.

पहिली खेप माळ्यावर चढली. डिकची होडी त्याच्या बायकोपोरांना घेऊन चर्चच्या उंचवट्यावर गेली होती, तेव्हा दुसऱ्या खेपेला ओनुफ्रीलाच जायला हवं होतं, आणि पोती डिकजवळ ठेवायला हवी होती. तो तिथेच घुटमळला. पोत्यांकडे पाहिलं, डिककडे पाहिलं. शेवटी गेला. जाताना तीनदा वळून पाहिलं.

परत आला तेव्हा पाऊस भुरभुरत होता. माळ्यावर चढताच त्याला दिसलं, की पोती जागेवर नाहीत.

"कुणी हलवली?"

"मी. तिथे थेंब पडत होते."

ओनुफ्रीने सगळ्या गाठी चाचपल्या. मग वर बघितलं. छपराच्या फटीतून पाणी ठिबकत होतं, आणि त्याखाली आता डिकचं पोतं होतं, कारण उरलेली कोरडी जागा ओनुफ्रीच्या पुढच्या खेपांना लागणार होती. त्याने अंगातला मेंढीच्या कातड्याचा कोट काढला आणि त्या पोत्यावर नीट पसरून घातला.

"भिजशील," डिक म्हणाला.

"वल्हवताना घामच येतो," ओनुफ्री म्हणाला आणि खाली उतरला.

तिसऱ्या खेपेला जाताना त्याने वळून पाहिलंच नाही, असं कुणी सांगितलं तर ते खोटं. पाहिलं. पण एकदाच.