उत्तरासाठी सोडलेली जागा

फोन आला तेव्हा सर शेजारच्या घरात बोलत होते. दुपारची वेळ होती. मी मागच्या पडवीत शेंगा फोडत बसले होते आणि भिंतीपलीकडून त्यांचा आवाज स्वच्छ ऐकू येत होता, "ॲडजेक्टिव्ह म्हणजे विशेषण. नामाबद्दल जास्तीचं काही सांगतं ते. सांगा बरं..." मोबाइलवर नाव सरांचंच दिसत होतं, पण बोलणारा माणूस अनोळखी होता. कळमनुरीच्या बाजारातून बोलतोय म्हणाला. "मावशी, ह्या मोबाइलवाले काका चक्कर येऊन पडलेत. दवाखान्यात आणलंय. घरचं कोणी असंल तर लवकर या." मी त्याला म्हणाले, "दादा, चुकून लागला फोन. आमचे सर इथंच हायेत, शिकवून राहिलेत." खरंच असं म्हणाले मी! सकाळी पिशवी हातात देऊन बाजाराला मीच त्यांना दारापर्यंत सोडलं होतं, तरीही म्हणाले. एका कानात तो माणूस, दुसऱ्या कानात सर... आणि मला भिंतीपलीकडचा आवाजच खरा वाटला. बाळापूरहून कळमनुरी काही लांब नाही, पण मी पोहोचेपर्यंत सगळं संपलेलं होतं.

सर म्हणजे माझे पती, कदम सर. आखाडा बाळापूरच्या शाळेत त्यांनी सगळी नोकरी इंग्रजी शिकवण्यात घालवली. मीही शिक्षिकाच होते, पण पहिली-दुसरीची, त्यामुळे आमच्या घरात मला शिक्षिका मानायची पद्धत नव्हती. लग्न झालं तेव्हा सगळं गाव त्यांना सर म्हणायचं, मग मीच कशाला वेगळं काही म्हणू, म्हणून मीही सर म्हणू लागले. शेजारच्या घरातून येत होता तो त्यांचा रेकॉर्ड केलेला आवाज. शेजारची सून वर्षा तलाठ्याच्या परीक्षेचा अभ्यास करते. लेकरू झोपलं की मोबाइल पिठाच्या डब्याला टेकवून ती सरांचे धडे लावते. ते धडे कसे तयार झाले ते पुढं सांगते. आधी माणूस कसा होता ते सांगू दे.

विशेषणांचं त्यांना वेड होतं. क्रियापद सगळ्यांनाच लागतं, म्हणायचे, पण माणूस नजर कशी वापरतो ते विशेषणावरून कळतं. आमच्या घरात 'चांगलं' या शब्दाला बंदी होती. भाजी कशी झाली असं विचारलं की इतर बायकांना बरी किंवा छान असं उत्तर मिळतं, मला मिळायचं, "किंचित खारट, कालच्यापेक्षा तिखट, आणि या आठवड्यातली सगळ्यात झणझणीत." एका घासात तुलनेच्या तिन्ही डिग्र्या. मी म्हणायचे, "जेवून राहिले का पेपर तपासून राहिले?" त्यावर मान खाली घालून हसायचे आणि आणखी वाढून घ्यायचे. बाहेरही तेच. बाजारातल्या एका दुकानाच्या पाटीवर इंग्रजीत 'मोअर चीपर' असं लिहिलेलं होतं. चीपर म्हटलं की त्यातच जास्तीचं आलं, वर पुन्हा मोअर म्हणजे एका डोक्यावर दोन टोप्या! सर रोज शाळेतून येताना त्या दुकानासमोर गाडी थांबवायचे, पाटीकडं बघायचे, काही न बोलता निघून जायचे. शेवटी दुकानदारच वैतागला आणि त्यानं पाटी पुसून रंगवली. त्या दिवशी सरांनी त्याच्याकडून गरज नसताना बादली विकत आणली.

वर्गात ते कधी व्याख्येनं सुरुवात करत नसत. टेबलावर एक हळकुंड ठेवायचे आणि म्हणायचे, याला शब्द लावा. आमच्या भागात हळकुंड न पाहिलेलं लेकरू सापडायचं नाही, त्यामुळे सगळेच बोलायचे. कुणी येलो म्हणायचं, कुणी हार्ड. कसं आहे ते कळलं, म्हणायचे, आता किती आहेत ते सांगा. वन. मग डब्यातली हळदीची पूड दाखवायची, ही मोजता येईल का? नाही, मग सम किंवा मच. कोणतं हळकुंड? धिस. लांबचं असेल तर दॅट. आणि कोणतं पाहिजे असं विचारायचं असेल तर विच. एकदा मागच्या बाकावरची, कधीही तोंड न उघडणारी एक पोरगी उठली आणि म्हणाली, "सर, हे आमच्या वावरातलं हाय. माझ्या बापानं दिलंय तुमाला." सर म्हणाले, "मग माय म्हण, माझं. जोरात म्हण!" त्या पोरीनं एवढ्या जोरात माय म्हटलं की शेजारच्या वर्गातले गुरुजी बघायला आले. तो दिवस सरांनी जेवताना मला दोनदा सांगितला. गुणाचं, संख्येचं, परिमाणाचं, दर्शक, प्रश्नार्थक, मालकीचं... सगळे प्रकार एका हळकुंडात बसवायचे आणि नावं मात्र शेवटी, खडू संपत आला की.

प्रश्न विचारला की ते थांबायचे. हे त्यांचं थांबणं सगळ्या तालुक्यात प्रसिद्ध होतं. खिडकीशी जाऊन उभे राहायचे, बाहेर बघत. वर्ग घामाघूम व्हायचा. उत्तर स्वतः कधीच सांगायचे नाहीत, मी सांगितलं की पोरगं विचार करायचं सोडतं, म्हणायचे. आणि शाब्बास म्हणण्यात तर कमालीचे कंजूष. मी माझ्या पहिलीच्या लेकरांना उलटा अ काढला तरी शाब्बास म्हणायचे, त्यावरून आमची भांडणं व्हायची. "तू लेकरांना खोटं सांगून राहिली शोभा," असं म्हणायचे. "चुकलं तर चुकलं म्हणावं. तेवढा मान तर दे त्याला." मला ते तेव्हा पटत नव्हतं. लहान लेकरू आहे, त्याला कसला मान?

ते निवृत्त झाले आणि पाठोपाठ शाळाच बंद पडल्या, ते साथीचे दिवस. घरात बसून सर इतके चिडचिडे झाले की भाजीला विशेषण लावणंही बंद झालं. मग पुण्यातून आमच्या नितीननं, मुलानं, फोनवर समजावून चॅनेल काढून दिलं. फळा कॉटवर टेकवला. मोबाइलचं स्टँड सारखं घसरायचं, म्हणून मोबाइल मी धरायचा. पंख्याचा आवाज येतो म्हणून पंखा बंद. नांदेड रस्त्याचे ट्रक हॉर्न मारत जातात म्हणून खिडक्या बंद. घामानं मोबाइल हातातून सुटायचा. आणि सरांनी मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "तू बोलायचं न्हाई. तुला येत असलं तरी. तू बोलली की सगळं खराब, पुन्हा पहिल्यापासून."

समोर एकही पोरगं नसताना ते तिथंही थांबायचे. सांगा बरं, म्हणायचे आणि थांबायचे. तिथं खिडकी उघडता येत नव्हती, म्हणून बघायचे ते माझ्याकडं. मोबाइलच्या वरून, चष्म्याच्या वरून, सरळ माझ्याकडं. उत्तर माझ्या तोंडात आलेलं असायचं. मी ओठ घट्ट मिटून, श्वास धरून उभी. मग ते म्हणायचे, "शाब्बास!" आणि पुढं जायचे. मी एकदा विचारलं, "जन्मभर शाब्बासचा दुष्काळ, आन् आता कोणाला वाटून राहिले एवढे?" तर म्हणाले, "एवढ्या उन्हाचं लेकरू कुठंतरी मोबाइल घेऊन बसलं असंल ना. त्याचं बराबरच आलं असंल." असे किती धडे झाले, मी मोजले नाहीत. मला आठवतं ते एवढंच, की इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनी माझ्याकडं इतका वेळ कधी पाहिलं नव्हतं.

ते गेल्यावर तेराव्यापर्यंत शेजार मुका होता. मग एके दिवशी वर्षा आली, दारातच उभी राहिली, पदराशी चाळा करत. "काकू, परीक्षा जवळ आलीय. कानात घालायचं ते बिघडलंय माझं... मी हळू लावलं तर चालंल का?" मी म्हणाले, "हळू काहून? सरांचा आवाज हळू कधी होता? लाव." मोठेपणानं म्हणाले, पण खरं सांगायचं तर मीच वाट बघत होते.

दुपारी आवाज सुरू झाला आणि माझ्या हातातलं काम थांबलं. सांगा बरं... मग शांतता. त्या शांततेत ते माझ्याकडं बघत होते. मला ते दिसत होते, चष्म्याच्या वरून. कांदा चिरत असले तर सुरी तशीच धरून मी उभी राहायचे, श्वास धरून, ओठ मिटून, शाब्बास ऐकू येईपर्यंत. रोज असंच होऊ लागलं. आवाज येईपर्यंत मी जेवत नसे. वर्षा माहेरी गेली त्या दिवसांत घरातल्या घरात फिरत राहिले, भिंतीला कान लावून. मी बोलले तर रेकॉर्डिंग खराब होईल, असं काहीतरी माझ्या डोक्यात बसलं होतं. जोवर मी गप्प आहे तोवर ते चालू आहे... तोवर सर फळ्यासमोर उभे आहेत, आणि माझ्या उत्तराची वाट बघताहेत. हे मी कुणाला सांगणार? वेडी म्हटलं असतं.

नणंदबाईंच्या ते लक्षात आलं. लताताई भेटायला आल्या होत्या, त्यांच्यासमोरच मी हातात फुलपात्र घेऊन थिजले. त्यांनी माझ्या तोंडाकडं पाहिलं, भिंतीकडं पाहिलं आणि रडायलाच लागल्या. "वहिनी, बंद करा हे. दादाला पण तकलीफ होऊन राहिली असंल अन् तुमाला पण." नितीनला त्यांनीच फोन केला. नितीन म्हणाला, "आई, तू सांग. एक बटण दाबलं की सगळे धडे जातील. नको असेल तर राहू दे. पण तू पुण्याला ये." मी म्हणाले विचार करून सांगते. आणि मला ठाऊक होतं की मी हो म्हणणार नाही, नाहीही म्हणणार नाही, आणि पुण्याला तर जाणारच नाही. सर इथं थांबलेले असताना मी कुठं जाऊ? लताताई जाताना म्हणाल्या, "वहिनी, तुमी वाळून चाललात." आरशात बघायचं मी सोडलंच होतं, त्यामुळे मला कळायला मार्ग नव्हता.

परीक्षा आणखी जवळ आली तशी वर्षा मोठ्यानं उत्तरं देऊ लागली. तोवर ती मनातल्या मनात देत असावी. मला आधी रागच आला. माझ्या शांततेत ही कोण बोलणारी? पण तिचं बरोबर यायचं आणि सरांचं शाब्बास बरोबर त्यावर पडायचं, म्हणून मी गप्प राहिले. त्या दिवशी डिग्रीचा धडा चालू होता. मी कपडे वाळत घालत होते. सर म्हणाले, "रेखा उंच आहे. मीना तिच्यापेक्षा उंच आहे. टॉल, मग पुढं काय? सांगा बरं..." आणि थांबले. वर्षा ठणकावून म्हणाली, "मोअर टॉलर."

सर म्हणाले, "शाब्बास!"

माझ्या हातातून ओला टॉवेल मातीत पडला. सर पुढच्या शब्दाकडं वळलेही होते. मी तिथंच उभी राहून ऐकत होते, की आता थांबतील, आता चष्मा काढतील, आता म्हणतील की कोणी म्हटलं हे, उभं राहा. ज्या माणसानं मोअर चीपरसाठी एक दुकानदार रडकुंडीला आणला, तो माणूस मोअर टॉलरला शाब्बास म्हणून पुढं निघून गेला होता. त्यांनी ऐकलंच नव्हतं. त्यांना ऐकू येतच नव्हतं. कळमनुरीच्या दवाखान्यात मी त्यांच्या अंगावरची चादर बाजूला करून पाहिली होती, अस्थी मी स्वतः सोडल्या होत्या, पण सर गेले हे मला त्या क्षणी कळलं, परसात, तारेपाशी.

मी मागच्या दारानं वर्षाच्या घरात शिरले. मला बघून ती दचकली, मोबाइल बंद करायला धावली. "राहू दे," मी म्हणाले, "काय म्हणालीस तू आता?"

"मोअर टॉलर... काकू, काय झालं?"

"चूक," मी म्हणाले.

सर बोलतच होते. मी त्यांच्या धड्यात बोलले होते, एवढ्या जवळून, एवढ्या मोठ्यानं, आणि काहीच खराब झालं नाही. त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. मग मला जे रडू आलं ते आवरेना. वर्षानं पाणी आणलं, पाठीवरून हात फिरवत राहिली, तिचं लेकरू उठून माझ्याकडं टकामका बघत राहिलं आणि सर बिचारे शॉर्ट, शॉर्टर, शॉर्टेस्ट करत फळ्याच्या टोकाला गेले.

संध्याकाळी मी नितीनला फोन केला आणि धडे राहू दे म्हणून सांगितलं. पुण्याला येईन, पण वर्षाची परीक्षा झाल्यावर. तो म्हणाला, "आई, तुला त्रास होतो ना ऐकून?" होतो तर. सांगा बरं म्हटलं की अजूनही मी इकडंतिकडं बघते. पण आता मी जेवून घेते आणि दुपारी वर्षाच्या घरी जाऊन बसते, पिठाच्या डब्यासमोर, तिच्या शेजारी. सर विचारतात, थांबतात. वर्षा उत्तर देते. सर तिला शाब्बास म्हणतात, बरोबर आलं तरी म्हणतात आणि चुकलं तरी म्हणतात. चुकलं असेल तर मोबाइलवरचा धडा थोडा मागं नेऊन मी तिला सांगते, "चूक. पुन्हा सांग."