पायांवरची आंघोळ

लेक झाली तेव्हा आई गावाकडून, मराठवाड्यातून, बाळंतपणाला आली. कामोठ्यातल्या आमच्या वन बीएचकेच्या बाथरूममध्ये ती पाटावर पाय लांब करून बसायची, बाळाला पायांवर पालथं घ्यायची आणि मी दारात उभी राहून बघायची. कानात पाणी जाऊ नये म्हणून हाताचा आडोसा कसा धरायचा, डोक्यावर धार कुठून सोडायची, सगळं तिने दाखवलं. सव्वा महिन्यानं निघताना म्हणाली, "आता तू बस. भिऊ नको, पोरं आईच्या पायावरून पडत नसतात."

पुढचे दोन महिने मी घातली आंघोळ. तेवढेच दोन महिने. तेलानं निसरडं झालेलं ते एवढंसं अंग नडग्यांवर असायचं. लेक आधी रडायची, मग पाठीवर गरम पाणी पडलं की एकदम गप्प व्हायची आणि माझ्या घोट्याला बोटं लावून बघत राहायची.

मांडीच्या सांध्यात दुखायला लागलं होतं, पण बाळंतपणानंतर कुणाचं काय दुखत नाही? सकाळी पलंगावरून उतरायला अर्धा तास लागायचा. सासूबाई फोनवर म्हणायच्या, ओल्या अंगाला वारं लागलंय, शेक घे. मी शेक घेत राहिले.

मग एका सकाळी आंघोळ झाली, बाळाला टॉवेलात गुंडाळलं आणि मला उठता येईना. उजव्या जांघेत कुणी पाचर ठोकल्यासारखं झालं होतं. नवरा महापेला कामावर, मोबाईल हॉलमध्ये. बाळ थंडीनं कुडकुडायला लागलं. मी हाका मारायला सुरुवात केली.

समोरच्या घरातल्या चाचींनी ऐकलं. चाची रायगडातल्या खाडीकाठच्या गावच्या, मुलाकडे राहायच्या. आमच्या जाळीच्या दारातून हात घालून त्यांनी कडी काढली, बाळाला आपल्या ओढणीत घेतलं, पलंगावर ठेवलं, मग परत येऊन माझ्या काखेत हात घातले.

"केवापासना दुकतंय, बाय?"

"दोन महिने."

"आनि तू कुनाला बोल्ली नाय."

पहिल्या डॉक्टरांनी कॅल्शियम दिलं. दुसऱ्यांनी कंबरेचे व्यायाम सांगितले. वाशीच्या सांध्यांच्या डॉक्टरीणबाईंपर्यंत पोचेतो लेक सहा महिन्यांची झाली होती. त्यांनी एक्स-रे उजेडापुढे धरला आणि सावकाश समजावलं. हा म्हातारपणाचा संधिवात नाही. अंगातली रोगाशी लढणारी ताकदच आपल्या सांध्यांवर उलटली आहे. दोन्ही खुब्यांत सूज आहे, उजव्याची कूर्चा, म्हणजे हाडांमधली गादी, बरीच गेली आहे. गोळ्या लगेच सुरू करायच्या.

"पण अंगावरचं दूध बंद करावं लागेल," त्या म्हणाल्या.

मी विचारलं, "आठवडाभर थांबलं तर?"

त्यांनी गोळ्यांची चिठ्ठी लिहून माझ्यापुढे सरकवली. आम्ही आठवडाभर थांबलो नाही.

मला उठता आलं नाही त्या सकाळपासूनच आंघोळीला चाची यायच्या, अकराच्या सुमारास, नळ जायच्या आत. त्या पाटावर, मी प्लास्टिकच्या उंच स्टुलावर. माझं काम मगानं पाणी ओतायचं. लेक त्यांचा आवाज पॅसेजमध्ये ऐकला की पाय झाडायला लागायची. मला बरं वाटायचं आणि वाईटही, आणि वाईट वाटतं याची लाज वाटायची.

एकदा न राहवून म्हटलं, "चाची, मला एकदा बसवा ना खाली."

त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत. भिंतीला टेकवून मला बसवलं, पाय हळूहळू सरळ केले आणि लेकीला पायांवर ठेवलं. ती केवढी जड झाली होती. तिनं मान वळवून माझ्याकडे बघितलं, हसली. मी पाच-सहा मग पाणी घातलं असेल. मग पायात अशी कळ गेली की हातातला मग सुटला. चाचींनी तिला उचललं.

मी रडत होते. त्या तिचं अंग पुसत म्हणाल्या, "पोर तुजीच हाय. मी नुस्ता पानी घालतंय."

औषधांनी सूज उतरली, पण खुबा गेला तो गेलाच. लेक चार वर्षांची असताना उजवा सांधा बदलला. दुखणं खरंच थांबलं. काठी सुटल्यावर तिला शाळेत सोडायला मी पहिल्यांदा पायी निघाले, तर अर्ध्या रस्त्यात तीच थांबली. "आई, हळू चाल ना," म्हणाली. तिला माझी ती चाल माहीतच नव्हती.

मात्र डॉक्टरांनी बजावलं आहे, मांडी घालायची नाही, उकिडवं नाही, जमिनीवर बसायचंच नाही. विहारात वंदनेला सगळ्या जणी खाली बसतात, मी मागे खुर्चीवर. त्याची सवय झाली.

चाची मुलाबरोबर करंजाड्याला राहायला गेल्या. मागच्या हिवाळ्यात त्यांच्या घरी नातू झाला म्हणून आम्ही मायलेकी गेलो. आम्ही पोचलो तेव्हा त्याची आंघोळ व्हायची होती. चाचींनी माझ्यापुढे स्टूल सरकवलं. माझी लेक दारात उभी राहून बघत होती. तिनं विचारलं, "मला पण अशीच घालायचे?"

"अशीच," चाची म्हणाल्या. "आदी तुज्या आईन, मंग मी."

परत येताना रिक्षात तिनं पुन्हा विचारलं, "तू किती दिवस घातलीस?"

"दोन महिने."

"मग मला आठवणार नाही," ती म्हणाली आणि बाहेर बघायला लागली.

आता ती आठ वर्षांची आहे. आंघोळीला गेली की आतून कडी लावते. टॉवेल विसरली तर दार वीतभर उघडून हात बाहेर काढते. मी टॉवेल देते आणि तिथेच जरा उभी राहते, आतून ती ओरडेपर्यंत, "आई, जा ना."