हौदाच्या पायऱ्या

माझी बायको मला पन्नास वर्षं ओळखत होती. मी कशाला भितो, कुणाचा हेवा करतो, कुठल्या लग्नात कुणाशी का बोललो नाही — सगळं तिला ठाऊक. हे मात्र तिलाही सांगितलं नाही. आता ती गेली, मन हलकं करावं, म्हणून सांगतो आहे — नाही, तेही खरं नाही. मन हलकं वगैरे काही व्हायचं नाही. नुसतं सांगतो. मध्येच थांबलो तर जरा धीर धरा.

पाण्यापासून सुरुवात करतो. ते सोपं आहे.

उज्जैनला फ्रीगंजच्या पलीकडे, जिथे तेव्हा घरं संपून शेतं लागत, तिथे एका सरदाराची बाग होती. बागेत मोठा दगडी हौद. संस्थान गेलं, मध्यभारत झाला, सरदार पुण्याला लेकाकडे निघून गेले, बाग नगरपालिकेकडे आली आणि हौदाचा झाला पोहण्याचा तलाव. भोवती कडुनिंब. दुपारी त्यांची बारीक पानं पाण्यावर पडत आणि वारा नसताही हळूहळू एका कोपऱ्याकडे सरकत. का सरकत? मला कधी कळलं नाही. मी तासन् तास बघत बसायचो. आजही डोळा लागता लागता तो हौद दिसतो. त्यात कुणी नसतं, आवाज नसतो, आणि पाण्यावरचा उजेड तेवढा हलत असतो.

मी पाणीखात्यात होतो. आमचे आजे-पणजे दरबारच्या दप्तरात कारकून. मी इंदूरला रसायनशास्त्र शिकून आलेला घराण्यातला पहिला दिवटा. आई शेजारणींना सांगायची, "आमचा बाबू सारं शहराचं पानी तपासतो हो!" आणि मी ऐकू आलं नाही असं दाखवत ते दोनदा ऐकायचो.

हौद सांभाळायला भेरूलाल होता. क्षिप्रेकाठच्या नावाड्यांपैकी, पन्नाशीचा, रुंद खांद्यांचा. रामघाटावर वाहून जाणारी किती माणसं त्यानं ओढून काढली होती, ते लोक सांगत. तो सांगत नसे. बागेतच त्याची खोली होती. लिहिता-वाचता येत नव्हतं, पण एकदा ऐकलेलं विसरायचा नाही. त्याचा एकच नियम होता — तळ दिसत नसेल तर कुणी उतरायचं नाही. गढूळ पाण्यात माणूस बुडाला तर वरून दिसत नाही, म्हणून. आणि मुलांना पोहायला शिकवावं ते त्यानंच. पोटाखाली एक तळहात धरायचा, आणि तो कधी काढून घेतला ते मुलाला कळायचं नाही. फ्रीगंजातली निम्मी मुलं त्या तळहातावर पोहायला शिकली.

त्या वर्षी पावसाळ्यानंतर हौद गढूळला तो निवळेचना. पाणी दुधी-हिरवं, हात बुडवला तर कोपर दिसायचं नाही. आणि नेमकं तेच वर्ष राज्यांच्या फेररचनेचं. मध्यभारत जाऊन नवं राज्य येणार होतं, त्याच्या समारंभात शाळेच्या मुलांचं पोहणं ठेवलेलं. मोठे अधिकारी यायचे होते. आमच्या खात्याच्या साहेबांनी मला बोलावून सांगितलं, पाणी आरशासारखं पाहिजे.

आता पाण्याबद्दल भरवशाचा सल्ला द्यायचा कुणी? मध्यभारताची राजधानी सहा महिने ग्वाल्हेरला, सहा महिने इंदूरला. मी नमुन्याची बाटली ग्वाल्हेरला धाडली, ती "कार्यालय इंदुरास" असा शेरा घेऊन परत आली. इंदूरला धाडली, तर तिथून उत्तर आलं की सगळं सामान भोपाळसाठी पेट्यांत भरलं आहे, नवीन पत्ता कळवू. तो काही कळला नाही. मग उरलो मी, आणि माझं एक जाडजूड पुस्तक. उथळ पाण्याला खळखळाट फार म्हणतात ना — मी साहेबांना म्हटलं, काळजीच सोडा.

हिशोब साधा होता. हौदाची लांबी, रुंदी, खोली. त्यावरून पाणी किती. त्यावरून तुरटी किती आणि ब्लीचिंग पावडर किती. लांबी-रुंदी फितीनं घेतली. मधोमध दोर सोडून खोली घेतली. भेरूलाल बाजूला उभा राहून बघत होता. तो म्हणाला, "बाबूजी, भीतर चारों तरफ पैड़ियाँ हैं. नीचे जाते-जाते हौद छोटा हो जाता है. एक बार उतर के पाँव से टटोल लो." पैड़ियाँ म्हणजे पायऱ्या.

मी उतरलो नाही.

का नाही उतरलो? कारण मला पोहता येत नव्हतं. येत नव्हतं म्हणजे — मी पाण्याला भितो. लहानपणी रामघाटावर शेवाळावरून पाय सटकला होता तेव्हापासून कमरेइतक्या पाण्यातसुद्धा मी उतरत नाही. पाणीखात्याचा रसायनतज्ज्ञ, आणि पाण्याला भितो! टावर चौकात ही गोष्ट पोचली असती तर मला चहा प्यायला बाहेर पडणं मुश्कील झालं असतं. भेरूलाललाच उतरून मोजायला सांगता आलं असतं की नाही? आलं असतं. पण त्यानं विचारलं असतं, "आप क्यों नहीं?" — निदान मला तसं वाटलं. चोराच्या मनात चांदणं. मी म्हटलं, "सब हिसाब में ले लिया है, भेरूभाई."

पण तुम्हाला वाटेल, कबुली ती हीच. थांबा. अजून मी तिथवर आलेलोच नाही.

आणखी एक करायला हवं होतं. चार बरण्यांत हौदाचं पाणी घ्यायचं, प्रत्येकीत कमी-जास्त औषध घालून बघायचं, मगच हौदाला हात लावायचा. पुस्तकात हे मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं. मीच त्याखाली रेघ मारली होती. पण हिशोब केलेल्या माणसाला बरण्या कशाला? तुरटीनं गाळ हळूहळू बसायला लागला. समारंभाच्या आदल्या दिवशी संध्याकाळी मी भेरूलालला चिठ्ठी लिहून दिली — पावडर किती शेर, बादलीत कशी कालवायची, कुठून कुठून सोडायची. वाचून दाखवली. त्यानं दोनदा म्हणून दाखवली, अक्षर न् अक्षर बरोबर. मग खोलीतल्या देवाच्या तसबिरीखालच्या खिळ्याला अडकवून ठेवली. मी घरी गेलो.

सकाळी आलो तेव्हा ऊन नुकतंच झाडांतून उतरत होतं. आणि पाणी — कसं सांगू? पाणी नव्हतंच तिथे. नुसती निळसर हवा भरून ठेवलेली होती. एक पान वर तरंगत होतं आणि त्याची सावली खोल खाली तळावर वेगळीच चालली होती. मी आयुष्यात त्याहून सुंदर काही पाहिलं नाही, आणि मला त्याची लाज वाटते, कारण त्या निवळलेल्या पाण्यात मला पायऱ्या दिसल्या. चारी बाजूंनी. सात सात. रुंद दगडी पायऱ्या एकीखाली एक उतरत गेलेल्या, आणि तळाला जेमतेम एका खोलीएवढी जागा उरलेली.

एका क्षणात मला कळलं. मी धरलं त्याच्या निम्मंसुद्धा पाणी हौदात नव्हतं. पावडर दुपटीहून जास्त पडली होती. वासही येत होता, नाकाला झोंबणारा. माझ्या खिशात परीक्षानळी होती, पाण्यात पावडर किती ते रंगावरून दाखवणाऱ्या औषधाची कुपी होती. पाच थेंब टाकले असते तर पाणी पिवळं व्हायच्या ऐवजी लालभडक झालं असतं आणि मग मला बोलावं लागलं असतं. मी नळी खिशातच ठेवली. भेरूलाल लहान मुलासारखा खूश होता. "देखो बाबूजी, तला दिख रहा है!" त्याचा नियम पुरा झाला होता. त्यानं फाटक उघडलं.

मांडवात पाहुणे येऊन बसले होते. मुलं काठावर रांगेत उभी होती. "थांबा" एवढा एक शब्द. किती वेळ होता माझ्यापाशी? पाव तास तरी होता. मी मनाला म्हटलं, काही होणार नाही कदाचित. शिट्टी वाजली.

पुढचं लवकर सांगतो. मुलं वर आली ती डोळे चोळत, रडत, आंधळ्यासारखी हात पुढे करून. भेरूलालनं धावत जाऊन विहिरीचं पाणी काढलं आणि एकेकाचं डोकं मांडीवर घेऊन लोट्यानं डोळे धुवायला बसला. लोट्यामागून लोटा. त्याचे स्वतःचे डोळे लालबुंद झाले होते. मुलांना बाहेर काढायला तोही पाण्यात उतरला होता. सगळे त्याच्याभोवती गोळा झाले होते. आणि मी — हेच ते, हेच सांगायचं होतं — मी चालत त्याच्या खोलीत गेलो, खिळ्यावरची चिठ्ठी काढली आणि खिशात घातली.

दुपारी निंबाखाली साहेबांनी चौकशी केली. मी म्हटलं, प्रमाण मी बरोबर दिलं होतं. भेरूलाल म्हणाला, "मैंने वही डाला जो बाबूजी ने चिट्ठी में लिखा. चिट्ठी है मेरे पास." तो ती आणायला गेला. बराच वेळ आला नाही. आम्हाला आतून भांडी सरकवल्याचा, पेटी उपसल्याचा आवाज येत होता. मग तो दारात येऊन उभा राहिला, रिकाम्या हातांनी. माझ्याकडे त्यानं पाहिलंसुद्धा नाही. आपल्या हातांकडे बघत होता.

त्याची नोकरी गेली, खोली गेली. मुलांचे डोळे चार दिवसांत बरे झाले. एका मुलाला मात्र महिनाभर काळा चष्मा लावावा लागला. चिठ्ठी मी दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळीच्या बंबात घातली. आई म्हणाली, "कशाचे कागद जाळतोयस रे?" मी म्हटलं, "जुने हिशोब."

मग मी भोपाळला गेलो आणि पाण्याचा जाणकार म्हणून नावारूपाला आलो. लोक विचारायचे, मी सांगायचो — दिसण्यावर जाऊ नका, तपासून घ्या, मगच उतरा. सल्ला उत्तम होता. माझा सल्ला पुढे कधीच चुकला नाही.

बऱ्याच वर्षांनी आईच्या अस्थी घेऊन रामघाटावर गेलो. विधी आटोपून पायऱ्या चढत होतो तर वरच्या अंगाला एक म्हातारा पानाच्या द्रोणात फुलं आणि दिवे विकत बसलेला. त्यानं मला ओळखलं. उठला, हात जोडले. घाटाखाली मुलं पोहत होती. मी काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, नातवंडांना शिकवलंत की नाही पोहायला? तो म्हणाला, "नहीं बाबूजी. उस दिन के बाद किसी बच्चे को हाथ नहीं लगाया."

मग जवळ येऊन सांगू लागला. सगळी वर्षं तो त्या संध्याकाळचं वजन मनात पुन्हा पुन्हा तोलत होता. चिठ्ठी बरोबरच असणार, शिकलेल्या माणसानं लिहिलेली. आपणच तोलताना चुकलो असणार. आणि वर चिठ्ठी हरवली, त्यामुळे बाबूजींवरही संशय आला असता. "बच्चों की आँखें मेरे हाथ से जलीं. आप पर भी आँच आ जाती. बहुत दिन से कहना था, बाबूजी. माफ कर दो."

तुम्हीच सांगा, याहून सोपी वेळ कुणाला मिळते? एक वाक्य पुरे होतं. पाणीही मला तिथे भिववत नव्हतं. मी कोरड्या पायरीवर उभा होतो.

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "जाने दो भेरूभाई. हो जाता है. मैंने माफ किया."

तो रडायला लागला. वाकून त्यानं माझे पाय धरले, आणि मी ते धरू दिले.