फिटरतात्या आणि सोळा खड्डे

फिटरतात्या कुणाच्याही रानात गेले, की आधी चप्पल काढून बांधावर ठेवत. "पायाला उतार कळतोय, चपलीला न्हाय," म्हणायचे. साखर कारखान्यात उभा जन्म फिटर म्हणून गेला. निवृत्त होऊन कळंबला घरी बसले, म्हणजे बसले नाहीतच. कुणाची मोटर असो की पत्र्याचा गोठा, तात्यांचा पाना हजर.

मी त्यांना गाठलं ते शेडनेटसाठी. लासुर्ण्याला आमचा सगळा ऊसच. त्याच उसाच्या रोपांची नर्सरी जाळीच्या सावलीखाली काढायची, असं मी मनात घेतलं होतं. सासऱ्यांनी, म्हणजे आबांनी, दहा गुंठे दिले खरे, पण वर बजावलं, "लागणीच्या आदी सांगाडा उभा दिसला न्हाय, तर तितं बी ऊसच." तयार पाईपांचा सांगाडा टेम्पोतून आला. कंपनीची माणसं एका दिवसात तो उभा करणार होती; आखणी आणि खड्डे मात्र आमच्याकडे होते. हातात दिवस होते वीस.

तात्यांनी आल्या आल्या अंगणात ताडपत्री अंथरली आणि पाईप, क्लॅम्प, नटबोल्ट सगळं ओळीनं मांडायला लावलं. "आदी मांडायचं, मग भांडायचं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मला मात्र घाई. क्लॅम्प कमी दिसले तशी मी कंपनीला फोन करून यथेच्छ झापलं. तात्यांनी एक पाईप उभा करून आपटला. आतून क्लॅम्पची पिशवी खाली पडली. पुन्हा फोन करून माफी मागायलाही त्यांनीच लावली.

मग रान सारखं करण्यात दहा दिवस गेले आणि तात्या दोन दिवस डोळे तपासायला बारामतीला गेले. मला कुठला दम! दोन गडी लावून मी सोळाच्या सोळा खड्डे घेतले, अगदी बांधाला धरून. आमच्याकडे सरीपासून गोठ्यापर्यंत सगळं बांधाला धरूनच होतं.

तात्या परतले, चप्पल काढून चारी बाजूंनी फिरले आणि टेप माझ्या हातात दिला. कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत, असे दोन्ही कर्ण मोजायला लावले. एक कर्ण वीतभर जास्त भरला, म्हणजे चौकोन तिरका.

"बांध तुझ्या आजेसासऱ्यानं घातलाय. त्यानं काय काटकोनाला गुण्या लावला हुता व्हय?"

"वीतभरानं काय होतंय, तात्या?"

"पाईप सरळ आल्यात पोरी. त्यास्नी आपल्या बांधाची सवय न्हाय. वर गेल्यावर बोल्ट बसायचा न्हाय, आन् बसवला ठोकून तर पहिल्या वावटळीत समदं आडवं."

हातात सहा दिवस उरले होते आणि आबा पलीकडून बघत होते. मला रडू आलं आणि रागही आला, बांधाचा, तात्यांचा, सगळ्यांचाच. पण रडत बसले असते, तर रान उसाला गेलं असतं. एका बाजूची ओळ तेवढी ठेवून बाकीचे बारा खड्डे बुजवले, पाणी मारून धुमसानं ठोकून घेतले, पुन्हा दोरी लावली. तात्यांनी टेपला हातसुद्धा लावला नाही. "तू वाच," एवढंच म्हणायचे. सातव्यांदा मोजलं तेव्हा कर्ण जुळले.

उभारणीच्या दिवशी तात्या आलेच नाहीत. मी वाट बघून बघून संतापले. कंपनीच्या माणसानं विचारलं, "आखणी कुणी केली? मिस्त्री कुठंय?" आबा तंबाखू मळत होते. मान वर न करताच म्हणाले, "ती काय समोर. तिलाच इचारा."

दिवस मावळायच्या आत शेवटचा बोल्ट बसला. मी तशीच भांडायला कळंबला गेले.

"मी आलो असतो, तर समद्यांनी मलाच इचारलं असतं," तात्या म्हणाले आणि चहा टाकायला उठले.

तात्या जाऊन आता दोन वर्षं होतील. फार आठवतात. लोक मला आखणीला बोलावतात. मी टेप त्या घरच्या बाईच्या हातात देते आणि उभारणीच्या दिवशी जात नाही. त्या दिवशी घरात बसवत नाही, दहादा फोन बघते. तात्यांनी तो दिवस कसा काढला, ते विचारायचं राहूनच गेलं.