ढगबाईंची थाळी

शाळेत त्यांना समोर सगळे नुसतं 'बाई' म्हणत आणि पाठीमागे 'ढगबाई'. कुठल्याशा वात्रट तुकडीनं हे नाव ठेवलं आणि चिकटलं ते चिकटलंच. बाईंच्या कानावर ते आलेलं होतं. वरवर त्या डोळे वटारायच्या, पण खरं सांगायचं तर मनातून त्यांना ते नाव भारी आवडायचं. का नाही आवडणार? दरवर्षी चौथीच्या वर्गात ढग तयार करून दाखवणारी दुसरी बाई दाखवा की मला!

सामान तरी काय? एक मोठी काचेची बरणी, किटलीभर कढत पाणी आणि एक जुनी ॲल्युमिनियमची थाळी. बरणीत पाणी ओतायचं, तोंडावर थाळी ठेवायची, थाळीत बर्फ घालायचा. बरणीत वाफ कोंडते, थाळीला खालून थेंब धरतात आणि टपटप खाली पडतात. पण बाईंचा एक नियम होता. पोरांनी जे डोळ्यांनी पाहिलं नाही, त्याचं नाव फळ्यावर लिहायचं नाही. आणि 'हे पाणी आलं कुठून?' याचं उत्तर बाई स्वतः कधीच देत नसत. पोरांनी भांडावं, डोकं खाजवावं, एकमेकांना खोटं पाडावं. बाई आपल्या खिडकीशी हाताची घडी घालून उभ्या. तोवर शेजारच्या वर्गात धडा संपून स्वाध्यायसुद्धा झालेले असायचे.

त्या वर्षी नवे मुख्याध्यापक आले. माणूस वाईट नव्हता, पण त्याला सगळं वेळेत आवरायची भारी घाई. जलचक्राच्या धड्याच्या आदल्या दिवशी त्यांनी बाईंना खोलीत बोलावलं.

"बाई, वर्गात उकळतं पाणी म्हणजे जिवाशी खेळ. शिवाय पडद्यावर हाच धडा दहा मिनिटांत होतो, आकृती, बाण, सगळं रंगीत. उद्या मी मागच्या बाकावर बसतो. तास संपेपर्यंत मुलांना नीट सांगता आलं तर ठीक. नाहीतर ती किटली कायमची बंद."

बाई "बरं" म्हणाल्या आणि बाहेर पडल्या. आतून मात्र त्यांचा जीव टांगणीला लागला. किटली बंद म्हणजे बाईंचं शिकवणंच बंद, हे त्यांच्याइतकं कुणाला कळणार?

घरी नवरा घड्याळं दुरुस्त करत बसला होता. डोळ्याला भिंग लावून, मान खाली घालूनच बाईंचं सगळं ऐकून घेतल्यावर तो म्हणाला, "अगं, एवढं सगळं आहे तर निदान ती थाळी तरी बदल. तुझ्या-माझ्याइतकीच म्हातारी झालीये ती."

"माझ्या थाळीला नावं ठेवायची नाहीत! इतकी वर्षं कधी दगा दिला नाही तिनं."

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकसाहेब मागच्या बाकावर गुडघे दुमडून बसले. बाईंनी किटलीतलं अर्धं पाणी बरणीत ओतलं, थाळी ठेवली, बर्फ घातला. बरणी धुरकट झाली, थाळीखाली थेंब धरले, पोरांनी नेहमीसारखा "आऽऽ" केला.

"हे पाणी आलं कुठून?" बाईंनी विचारलं आणि त्या खिडकीशी गेल्या.

"वाफेतून!" एकानं ठोकून दिलं. अर्ध्या वर्गानं माना डोलावल्या. साहेबांनीही डोलावली.

तेवढ्यात उठली ती पणवाली. जाड चष्म्याची, दोन घट्ट वेण्यांची पोरगी. तिचं प्रत्येक वाक्य 'पण'नं सुरू व्हायचं, म्हणून वर्गानं तिला हे नाव दिलेलं. "पण बाई, वर बर्फ वितळतोय. तेच पाणी खाली गळत असेल. थाळी गळकी असेल."

झालं! वर्गात दोन तट पडले. "थाळी कशी गळेल?" "का नाही गळणार? आमची बादली गळते!" साहेबांनी घड्याळ पाहिलं. "बाई, सांगून टाका ना."

बाई ढिम्म. "तुम्हीच सांगा रे, कसं कळेल?"

पणवालीनं नाक खाजवलं, चष्मा वर सरकवला आणि टेबलावरच्या लाल शाईच्या बाटलीकडे बोट केलं. "बर्फावर शाई टाकू या. थाळी गळत असेल तर थेंब लाल येतील."

अगंबाई! बाईंच्या अंगावर सरसरून काटा आला. एवढ्याशा पोरीला हे सुचावं! त्यांनी साहेबांकडे असं काही पाहिलं, की बघाच आता. आणि मोठ्या ऐटीत बाटली पणवालीच्या हातात दिली. थेंब स्वच्छच येणार, याबद्दल त्यांना शंकाच नव्हती.

शाई पडली. सगळी डोकी बरणीभोवती गोळा झाली. एक थेंब पडला, स्वच्छ. दुसरा, तोही स्वच्छ. आणि मग थाळीच्या कडेजवळून एक थेंब लोंबला, फुगला आणि पाण्यात पडला. लालभडक.

"गळते! थाळी गळते!" अर्धा वर्ग नाचायला लागला.

साहेब उठून जवळ आले आणि हळूच म्हणाले, "पाहिलंत? पोरं उलटंच शिकली. पाच मिनिटं उरलीत. आता तरी खरं काय ते सांगा आणि मोकळ्या व्हा."

एका वाक्याचं तर काम होतं. पण बाई सगळ्या वर्गाला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "थाळी गळकी आहे. मला माहीत नव्हतं. हिचं बरोबर आहे, माझं चुकलं."

जिंकलेली पणवाली मात्र खुश दिसेना. ती अजून बरणीत डोळे घालून बसली होती.

"पण बाई," ती म्हणाली, "गळणारं पाणी लाल आहे. मग हे बाकीचे एवढे थेंब पांढरे का?"

सगळी डोकी पुन्हा बरणीशी वाकली. मग मघाचा तो ठोकून देणारा म्हणाला, "न गळणारी थाळी लावून बघू."

न गळणारी थाळी आणायची कुठून? पोरं दप्तरं उचकू लागली. बाईंनी मागे वळून पाहिलं तर साहेब वर्गात नव्हते. त्यांना वाटलं, संपलं सगळं. पण दारातून साहेब लगबगीनं आत आले, हातात जेवणाच्या डब्याचं स्टीलचं झाकण. "हे घ्या, धुऊन आणलंय," ते म्हणाले आणि चक्क पोरांच्या घोळक्यात गुडघ्यावर बसले.

बरणी रिकामी करून किटलीतलं उरलेलं कढत पाणी, वर झाकण, झाकणात बर्फ, बर्फावर शाई. वर लालेलाल चिखल आणि खाली? सगळे थेंब स्वच्छ! एकूण एक!

"म्हणजे वाफच!" पणवाली किंचाळली. "वाफ वर गेली, गार पडली, पाणी झाली!"

घंटा झाली. कुणी हललं नाही. तेव्हा कुठे बाईंनी खडू उचलला आणि फळ्यावर लिहिलं: बाष्पीभवन. त्याखाली: सांद्रीभवन.

"आणि आकाशात?" साहेबांनी विचारलं.

"तिथेही वर गार असतं, सर," पणवाली म्हणाली. "पण तिथे थाळी कुठाय? मग वाफ चिकटते कशाला?"

साहेबांनी बाईंकडे पाहिलं. बाई खिडकीबाहेर पाहत होत्या. साहेब हसले, गुडघे झटकत उठले. "उद्या शोधू. किटली राहू द्या, बाई. फक्त पाणी तुम्हीच ओतायचं."

संध्याकाळी घरात पाऊल टाकल्या टाकल्या बाईंनी थाळी नवऱ्यापुढे आपटली. "माझ्या पोरीनं आज मला भर वर्गात खोटं पाडलं! साहेबांच्या देखत!" आणि चेहरा असा, की जणू कुणी हारतुरे घातलेत.

नवऱ्यानं डोळ्याला भिंग लावलं, थाळी दिव्यासमोर धरली. कडेजवळ सुईच्या टोकाएवढं भोक होतं. "मी कालच म्हणत होतो. असो, दे, बुजवून टाकतो."

बाईंनी थाळी त्याच्या हातातून हिसकावलीच.

"खबरदार हात लावलास तर! पुढच्या वर्षी पहिल्यांदा हीच लावणार आहे मी. बघू तरी, कोण पकडतंय ते."